डावीकडून तिसरा दिवा

मुक्काम: पॅनेलसमोर पालथं घातलेलं खोकं (बसायला)
वेळ: गवंडी काम करतोय, मालक त्याच्या डोक्यावर उभे आहेत, म्हणजे निवांत

तीर्थस्वरूप मावशीच्या चरणी आठांपैकी सात अंगांनी नमस्कार. (आठवं अंग म्हणजे उजवा कोपर. त्याची सालं अजून निघतायत, जमिनीला टेकवला की डोळ्यांत पाणी येतं. सालं का निघतायत ते पुढे येईलच, घाई करू नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? चष्म्याचा नंबर तपासून घेतलास का? आईकडे चौकशी केली तर ती म्हणाली, तुझं जेवण व्यवस्थित आहे, झोप व्यवस्थित आहे आणि राग त्या दोन्हींपेक्षा व्यवस्थित आहे. ऐकून बरं वाटलं, कारण ज्याचा राग शाबूत आहे ते माणूस तब्येतीने ठीकच असतं. इकडे मीही बरा आहे. लहानपणी तू मला फ्यूज हे नाव ठेवलंस (लवकर उडतो म्हणून), ते आता कारखान्यातही सगळ्यांच्या तोंडी बसलंय. परवा एका नव्या ड्रायव्हरने मला "फ्यूजसाहेब" म्हटलं. मान मिळाला म्हणून खूश व्हावं की उडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

फोनवर सांगता आलं असतं तर पत्राचा घाट घातला नसता. पण त्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस, पण माझं नाव निघालं की तुझ्या गॅसवर दूध उतू जातं. (रोज जातं, मावशी. एवढं दूध तू एकटी घेतेस तरी कशाला?) राग निवळेल म्हणून मी गप्प बसून वाट बघत होतो. पण काल आईने सांगितलं, की तू हत्यारांची पेटी काढलीस, एकेक पक्कड पुसून, तेल लावून परत जागेवर ठेवलीस आणि पेटी दाराशी नेऊन ठेवलीस. म्हणालीस म्हणे, ज्याला हवी त्याने न्यावी, मी आता कुणाचं पॅनेल बघायला जाणार नाही. वर हेही म्हणालीस, की मी स्वतः बांधलेलं पॅनेल आणि डावीकडून तिसरा दिवा कशाचा तेच मला आठवेनासं झालं. नुसती रागाने पेटी देऊन टाकणार असतीस तर मी काही बोललो नसतो. (बोललो असतो, पण कमी.) तू स्वतःवरचा भरवसा उडाला म्हणून ती देतेयस, आणि तो उगाच उडालाय. तू काहीही विसरलेली नाहीस. डावीकडून तिसरा दिवा कशाचा, ते तू अगदी बरोबर सांगितलंस. विझलेला दिवा डावीकडून तिसरा नव्हता, एवढीच अडचण होती. तेव्हा हे पत्र संपेपर्यंत पेटी कुणाला देऊ नकोस. भंगारवाल्याला तर मुळीच नको, तो चांगल्या पकडीसुद्धा किलोवर घेतो.

आता मुळापासून सांगतो, म्हणजे दोष सगळ्यांना पुरेल. आमचं खोकी चिकटवायचं मशीन तुला माहीत आहे. त्याचं पॅनेल, ते विजेचं कपाट, तू तुझ्या वर्कशॉपमध्ये बांधलंस, आतला कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, तूच पढवून तयार केलास, आणि बसवायला आलीस तेव्हा ते पॅनेल मशीनच्या बाजूला चांगल्या मोकळ्या जागेत, दार सताड उघडेल असं उभं केलंस. ते दिवस गेले. मध्यंतरी आमच्या मालकांना केबिन अपुरी वाटायला लागली. मालक मनाने वाईट नाहीत, पण टेबलाखाली पाय लांब करून बसता आलं पाहिजे ही त्यांची जुनी हौस, आणि ती हौस पुरवायला भिंत पुढे सरकवावी लागली. ती सरकत सरकत पॅनेलच्या पुढ्यात येऊन थांबली. गवंड्याने विचारलंही होतं, की साहेब, ह्या कपाटाचं दार उघडणार कसं? मालक म्हणाले, ते उघडायचंय कशाला, इतकी वर्षं बंदच तर आहे. (पॅनेलचं दार वर्षानुवर्षं उघडावं लागू नये ही तुझ्या कामाची पावती. तिच्यावर कुणी भिंत बांधेल असं वाटलं नव्हतं.) तेव्हापासून दार वीतभर उघडायचं. त्या फटीतून हात आत जायचा, डोकं जायचं नाही. मी घालून बघितलंय, कान आडवे आले.

भिंतीबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही. मालकांची कोट अडकवायची खुंटी जुन्या भिंतीवर होती. भिंत गेली, तिच्याबरोबर खुंटी गेली, आणि नव्या भिंतीवर खुंटी ठोकायचं राहून गेलं. हे आत्ता तुला मी मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण त्या दिवशी मला हे कुणी सांगितलं असतं तर माझा कोपर आज धडधाकट असता.

तर त्या दिवशी सकाळी मालक आले, केबिनमध्ये गेले, आणि थोड्याच वेळात मशीनने दोन-चार खोकी बाहेर टाकली आणि बसकण मारली. परत चालू केलं, परत दोन-चार खोकी, परत ठप्प. भोंगा नाही, धूर नाही, जळका वास नाही. मी पक्कड हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली, कारण तू पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, की हत्याराला हात लावायच्या आधी दिवे बघायचे. माणसं सांगताना घोळ घालतात, दिवे घालत नाहीत. पण फटीतून दिवे दिसणार कसे? म्हणून तुला फोन लावला, स्पीकर सुरू केला, आणि म्हटलं, थांब, फोटोच काढून पाठवतो. पॅनेल चालू असताना एक हात खिशात ठेवायचा हाही तुझाच नियम, त्यामुळे फोन धरायला एकच हात उरला, आणि फटीत तो हात वळेना. फोन निसटला. तारांवरून घसरत घसरत पॅनेलच्या तळाशी जाऊन बसला आणि तिथून तुझा आवाज यायला लागला, अरे फ्यूज, काय पाडलंस?

त्यानंतर तू आमच्याशी पॅनेलमधूनच बोललीस, हे तुला अजून माहीत नसेल. पॅकिंगच्या हेडबाई धावत आल्या. (त्यांना हेडबाई म्हणतात, कारण त्या सगळ्यांच्या चुका काढतात. ह्या पत्रातल्याही काढल्या असत्या, पण मी दाखवणार नाही.) त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांत हे मशीन पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलतंय. मी त्यांचा फोन मागितला. त्यांनी फटीकडे बघितलं, माझा फोन कुठून उजेड पाडतोय ते बघितलं, आपला फोन पर्समध्ये आणखी खोल सारला आणि त्याऐवजी आतून एक छोटा आरसा काढून दिला. मला तर तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आरसा धरलेला हात फटीतून आत घातला, जरा तिरका केला, आणि सगळे दिवे झळकन समोर आले. माझा फोन खालून उजेड दाखवतच होता.

मग तू विचारत गेलीस आणि मी सांगत गेलो. सगळ्यांत वरचा, वीज आल्याचा हिरवा? लागलाय, स्थिर. त्याच्या खालचा, प्रोग्रॅम चालू असल्याचा हिरवा? लागलाय, स्थिर. त्याच्या खालचा, बिघाडाचा लाल? विझलेला. सगळ्यांत खालचा, बॅटरीचा नारिंगी? तोही विझलेला. तू म्हणालीस, मग कंट्रोलर ठणठणीत आहे, त्याच्या नावाने बोटं मोडू नका. बाहेरून कुणीतरी त्याला निरोप द्यायचा थांबलाय. आता आठ दिव्यांची आडवी रांग बघ, एरवी सगळे लागलेले असतात, आज कुठला विझलाय? मी मोजलं आणि जोरात सांगितलं, डावीकडून तिसरा. तू विचारलंस, नक्की ना? नीट समोरून बघतोयस ना? मी म्हटलं, अगदी नाकासमोर आहे. आणि मावशी, ते खोटं नव्हतं. आरसा माझ्या नाकासमोरच होता.

तू क्षणभरही न थांबता सांगितलंस, की तिसरा म्हणजे गोंदाच्या टाकीची पातळी, टाकीतला तरंगणारा गोळा अडकला असेल, तो सोडव. आता आमची गोंदाची टाकी तू पाहिलीयेस. तिचं झाकण उघडणं म्हणजे वर्षभर न बोललेल्या नातेवाईकाच्या घरी जाणं; आत गेलं की लवकर सुटका नाही. मी बाही सरसावून हात घातला. गोळा चांगला होता. वर करून सोडला, खाली दाबून सोडला, पुसला, हलवून कानाशी लावला. (का लावला माहीत नाही. घड्याळाची सवय.) दिवा विझलेलाच. तू म्हणालीस, गोळ्याची तार बघ. ती बघायला टाकीखाली आडवा झालो, तर कुणीतरी मला मदत म्हणून टाकी तिरकी केली. पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की उठलो तेव्हा माझ्याबरोबर एक स्टूल, पुठ्ठ्याचे दोन ताव आणि हेडबाईंचा रुमाल एवढी मंडळी उठली. रुमाल त्यांनी मागितला, मी सोडवायला गेलो, तेव्हाच ते कोपराचं झालं.

इतक्यात मालक जेवायला बाहेर पडले आणि मशीन सुरू झालं. अगदी सुरळीत! खोक्यामागून खोकं धडाधड बाहेर यायला लागलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी स्टुलासकट नाचलो. पॅनेलमधून तू विचारलंस, चाललं का? आम्ही सगळे ओरडलो, चाललं! तरी तू फोन ठेवला नाहीस, कारण दुरुस्त झालेलं मशीन बराच वेळ नीट चाललेलं कानाने ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही ही तुझी पद्धत. तू तिकडे चहा टाकल्याचाही आवाज आला. तेवढ्यात मालक जेवून आले, केबिनमध्ये गेले, आणि मशीन परत बसलं.

मग जे व्हायला नको होतं ते झालं. मालकांनी सकाळपासूनचा सगळा हिशेब एकदम काढला. गोंद सांडलेला, माणसं खोळंबलेली, मी स्टूल घालून हिंडतोय. ते तरातरा फटीपाशी आले, तिला तोंड लावलं आणि पॅनेलमध्ये ओरडले, की बाई, तुमचं वय झालं, तुम्हाला आता दिवे आठवत नाहीत, उगाच आमचा दिवस घालवू नका. मी मालकांचा हात धरला होता. (धरला म्हणजे चिकटला होता.) आतून चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मावशी, त्या आवाजाची मला अजून लाज वाटते. मी तेव्हाच मालकांवर उडायला हवं होतं. एरवी मी सतराशे साठ वेळा उडतो, पण नेमका तेव्हा उडालो नाही, कारण मलाही क्षणभर वाटलं, की खरंच मावशी विसरली असेल का? हे वाटलं म्हणून तुझे कान धरतो, चुकलं, माझे कान धरतो.

तू गेलीस आणि मशीनचा ताबा शंकाकुशंकांनी घेतला. हेडबाईंनी हिशेब मांडला, की मालक आले की मशीन बंद, मालक गेले की सुरू. मालक म्हणाले, म्हणजे तुम्ही मुद्दाम करताय. हेडबाई म्हणाल्या, आम्ही कशाला करू, मशीनच तुम्हाला घाबरतं. मालकांना हे आधी लागलं, मग जरा आवडलं, आणि मग त्यांनी खातरजमा करायची ठरवली. कोट घालून फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. मशीन सुरू! आत आले, केबिनमध्ये गेले. बंद! परत बाहेर. सुरू! आता मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना वाटायला लागलं, की आपल्या अंगात काहीतरी आहे, चुंबक किंवा तसलंच. परत आत येऊन त्यांनी आधी घड्याळ काढून ठेवलं. बंदच. मग किल्ल्यांचा जुडगा, मग पट्टा, मग लोखंडी बक्कलांचे बूट. बंदच. शेवटी स्वेटर काढला आणि मोज्यांवर मशीनसमोर येऊन हात पसरून उभे राहिले, आणि मशीनला उद्देशून म्हणाले, आता अजून काय काढू? हेडबाईंनी तोंड फिरवलं. मला हसू फुटत होतं, पण स्टुलामुळे नीट हसता येत नव्हतं.

इकडे मी परत फटीपाशी गेलो. निदान तो विझलेला दिवा तरी खरोखर विझलाय का, की त्याच्यावर गोंद उडालाय, ते बोटाने पुसून बघावं म्हटलं. हेडबाईंना आरसा धरायला सांगितला आणि मी हात आत घालून डावीकडून तिसऱ्या दिव्यावर बोट टेकवलं. आरशात बघतो तर माझं बोट उजवीकडून तिसऱ्यावर! मला वाटलं, मोजण्यात चुकलं. परत टेकवलं. परत पलीकडच्या टोकाला. मी बोट डावीकडे सरकवलं की आरशातलं उजवीकडे जातं, आणि उजवीकडे सरकवलं की डावीकडे. ज्या आरशात बघून मी रोज भांग पाडतो, आणि रोज उलट बाजूला पाडतो (तू दर वेळी सांगतेस), त्यानेच माझा असा घात केला. वरून खाली असलेले चार दिवे आरशात उलटे होत नाहीत, म्हणून ते मी बरोबर सांगितले आणि तूही बरोबर ओळखलंस. आडवी रांग मात्र पुरती उलटी होते. मी तुला तिसरा सांगत होतो आणि विझलेला होता सहावा! तू गोंदाची टाकी सांगितलीस, ती तिसऱ्याची म्हणून अगदी बरोबर सांगितलीस. आमच्यातला एकही जण बरोबर नव्हता, फक्त तू होतीस, आणि ओरडा तुलाच बसला.

लगेच हेडबाईंच्या फोनवरून तुला फोन केला. उचलला नाहीस. परत केला. नाही. आता सहावा दिवा कशाचा हे सांगणार कोण? मग तूच शिकवलेलं दुसरं काम काढलं. सहाव्या दिव्याची तार चाचपली, ती जिथून बाहेर पडते तो पाइप धरला आणि स्टूल ओढत, पाइपवर हात ठेवून मशीनच्या कडेने निघालो. माझ्यामागे हेडबाई, त्यांच्यामागे मोज्यांवर मालक. पाइप मशीनच्या शेवटापर्यंत गेला, तयार खोकी जिथून बाहेर पडतात तिथे केबिनच्या दाराशी वळला, आणि एका कोटाखाली दिसेनासा झाला. कोटावर स्वेटर, स्वेटरवर पट्टा. सगळ्यांच्या खाली, लोखंडी पट्टीला लावलेला तो बिचारा सेन्सर, ज्याला आपण डोळा म्हणतो. खोकी अडकून साचली की डोळ्यापुढे अंधार येतो आणि मशीन थांबतं, म्हणून तो तू तिथे लावलास. आणि मालकांनी खुंटी गेल्यापासून त्याच्याच पट्टीचा खुंटीसारखा उपयोग सुरू केला होता. इतके दिवस कोट पट्टीच्या टोकाला अडकवत होते, त्या दिवशी जरा आत सरकवला. मी कोट उचलला. तिकडून, फटीपाशी परत गेलेल्या हेडबाई ओरडल्या, लागला! मी कोट खाली ठेवला. विझला! उचलला. लागला! मालकांनी स्वतः एकदा करून बघितलं, मग कुणाकडेही न बघता विचारलं, आपली ती जुनी खुंटी कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा खुंटी ठोकली. त्यानंतर मशीन एकदाही थांबलं नाही. मालक मात्र तेव्हापासून रोज मला विचारतात, त्या बाईंनी फोन उचलला का? मी म्हणतो, नाही. ते म्हणतात, बरं. मागच्या आठवड्यात एकदम म्हणाले, भिंत पाडू या. सगळी नाही पाडली, पॅनेलपुरती पाडली, त्यामुळे पॅनेलचं दार आता सताड उघडतं, पण उघडतं ते मालकांच्या केबिनमध्ये, थेट त्यांच्या खुर्चीसमोर. पाय लांब करायची सोय गेली. माझा फोनही तळातून बाहेर आला. पहिला तुलाच लावला. (उचलला नाहीस. दूध.) सध्या त्याच पाडापाडीमुळे वीज बंद आहे, म्हणून मला हे पत्र लिहायला सवड मिळाली.

एवढं लांबण लावलं ते एकाच गोष्टीसाठी. मी ह्या कामात जो काही उभा आहे तो तुझ्यामुळे. मला पॅनेलची भीती वाटायची तेव्हा तू मला पॅनेलसमोर खोक्यावर बसवून नुसते दिवे बघायला लावायचीस, आणि म्हणायचीस, घाबरू नको, ते सगळं सांगतात, आपण फक्त नीट बघायचं. मी नीट बघितलं नाही. तुझी आठवण, तुझे हात, तुझे ते आठही दिवे जिथल्या तिथे आहेत. तुझ्यासारखं दुसरं कुणी मला माहीत नाही, आणि तू पेटी दाराशी ठेवलीस हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. पेटी आत घे, मावशी. मोठ्यांना नमस्कार, लहानांना नाही, ते मला फ्यूज म्हणतात.

तुझा, उलट बाजूला भांग पाडणारा,
फ्यूज

ता. क. इतकं सांगूनही पेटी द्यायचीच असेल तर पहिला हक्क माझा आहे. निदान मीटर आणि ती लाल मुठीची छोटी पक्कड बाजूला काढून ठेव. हे मी फक्त खबरदारी म्हणून लिहितोय.

आणखी एक ता. क. वर मशीन एकदाही थांबलं नाही असं लिहिलंय, ते लिहिलं तेव्हा खरं होतं. गवंड्याचं काम संपलं, आत्ता वीज सुरू केली, आणि मशीन ढिम्म हलत नाही. दोन-चार खोकीसुद्धा नाहीत. आरसा वापरलेला नाही, शपथ. दार सताड उघडून, समोर उभं राहून, डोळे फाडून दिवे बघतोय, आणि मला कशाचाही पत्ता लागत नाही. वीज बरेच दिवस बंद होती त्याचा काही संबंध असेल का? पेटी आत घे म्हटलं होतं, ते राहू दे. बाहेरच असू दे, न्यायला सोपी पडेल.

शेवटचं ता. क. हे पत्र घेऊन आलेले, तुझ्यासमोर उभे राहून छताकडे बघणारे जे गृहस्थ आहेत, ते टपालवाले नाहीत. आमचे मालक आहेत. मी जातो म्हटलं तर नको म्हणाले, मीच जातो. निघायच्या आधी ते बराच वेळ पॅनेलसमोर उभे होते, आणि दिवे पाठ करून निघालेत: वरचा हिरवा स्थिर, दुसरा हिरवा विझलेला, लाल लुकलुकतोय, नारिंगी स्थिर. वाटभर तेच पुटपुटत आले असतील. मध्ये कुणी बोललं की विसरतात, म्हणून त्यांना चहापाणी मागाहून विचार, आधी दिवे विचार. ते सांगतील, तू ओळखशील, मला खात्री आहे. त्यानंतर ते गप्प बसतील. तेव्हा लगेच काही बोलू नकोस, थोडी वाट बघ. त्यांना माफी मागायची आहे, आणि ती मागायला त्यांना जरा वेळ लागतो.